पुराणमतवादी माणूस नेमकं काय मानतो?

ऐरोलीच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.ला राज्यशास्त्र घेतलंय, पुराणमतवाद वर्गात एका तासात उरकला. टिपणात पाच मुद्दे आले: परंपरा, मानवी अपूर्णता, सेंद्रिय समाज, अधिकारसत्ता, मालमत्ता. हे पाच मुद्दे एकत्र का येतात ते मात्र कळलं नाही. आजोबा स्वतःला जुन्या विचारांचे म्हणवतात, टीव्हीवर 'उजवे' हा शब्द ऐकू येतो, पुस्तकात एडमंड बर्क आहे. हे तिन्ही एकच का? आणि आपल्या महाराष्ट्रात या विचाराचं कुणी झालं का?

मी ठाण्यात बरीच वर्षं राजकीय विचार शिकवते आहे आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाचही मुद्द्यांचं मूळ एकच आहे. ते हाती लागलं की टिपण पाठ करावं लागत नाही. पुराणमतवाद्याचा माणसाच्या बुद्धीवर बेताचाच विश्वास असतो. माणूस मूर्ख आहे असं तो म्हणत नाही. समाज इतका गुंतागुंतीचा आहे की कुणी एक माणूस, एक समिती किंवा एक पिढी तो पुरता समजून घेऊन नव्याने मांडू शकत नाही, असं त्याचं म्हणणं असतं. म्हणून जे चालत आलंय त्याच्या बाजूने तो थोडं झुकतं माप टाकतो. इतकी वर्षं टिकलंय म्हणजे त्यात काहीतरी शहाणपण असण्याची शक्यता आहे, तेव्हा ते मोडायचं असेल तर मोडणाऱ्याने कारण द्यावं. पुराव्याचा भार बदल मागणाऱ्यावर.

एवढं धरलं की बाकीचं आपोआप येतं. परंपरा म्हणजे अनेक पिढ्यांनी करून पाहिलेलं, त्यातून गाळून उरलेलं. माणूस अपूर्ण आहे, म्हणजे व्यवस्था बदलली म्हणून त्याचा स्वार्थ, राग, मत्सर जाणार नाही. त्याला वेसण घालायला कायदा, शिस्त, मोठ्यांचा धाक लागणारच. समाज सेंद्रिय आहे, म्हणजे तो कुणी बांधलेला नाही, वाढत आलेला आहे, आणि एका जागी काही काढलं तर दुसरीकडे काय होईल ते आधी सांगता येत नाही. मालमत्ता म्हणजे सरकारच्या लहरीपासून मिळणारा आडोसा आणि पुढच्या पिढीशी जोडणारा दुवा.

हे कागदावर गोड वाटतं, म्हणून एक पाहिलेली गोष्ट सांगते. ठाण्यातली एक जुनी हाउसिंग सोसायटी. नवी कमिटी निवडून आली, तरुण आणि कामाची माणसं. त्यांनी कंपाउंडची भिंत प्लास्टर करून रंगवायला घेतली. भिंतीच्या तळाशी जागोजागी मुठीएवढी भोकं होती. त्यातून घुशी आत यायच्या, दिसायलाही वाईट. कंत्राटदाराने विचारलं, कमिटीने बुजवायला सांगितली. जुलैत मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, तेव्हा पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचलं, तळमजल्याच्या दोन घरांत शिरलं, पंपरूम बंद पडली. मागच्या चढावरून येणारं पाणी त्या भोकांतून पलीकडच्या नाल्याला जायचं. इमारतीच्या नकाशात ती भोकं नव्हती, इतिवृत्तांतही नव्हती. जुना सफाई कामगार पाण्यात उभा राहून एवढंच म्हणाला, "भोकं बुजवलीत ना."

इंग्रज लेखक चेस्टरटन याने १९२९ मध्ये असाच एक दृष्टान्त दिला होता. रस्त्यावर आडवं कुंपण आहे. सुधारक म्हणतो, याचा उपयोग मला दिसत नाही, काढून टाकू. त्याला उत्तर मिळतं: उपयोग दिसत नसेल तर मी काढू देणार नाही. आधी ते कशासाठी घातलं होतं ते शोधून ये, मग कदाचित काढू देईन. यातलं शेवटचं वाक्य लोक विसरतात. कुंपण काढायला बंदी नाही, न समजता काढायला बंदी आहे.

त्याच सोसायटीत दुसरा एक जुना नियम होता. घरकाम करणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही. याचंही कारण कुठे लिहिलेलं नव्हतं. तो काढायचा विषय सभेत निघाला तेव्हा काही सभासद म्हणाले, "पहिल्यापासून आहे, काहीतरी कारण असेलच. भिंतीचं काय झालं ते बघितलंत ना?" कमिटीने मग खरंच चौकशी केली. लिफ्टवर भार येतो का, दुरुस्तीचा खर्च वाढतो का, सुरक्षेचा काही प्रश्न आहे का. काहीही सापडलं नाही. सापडली ती पाचव्या मजल्यावर धुण्याभांड्याला जाणारी, गुडघे दुखणारी एक बाई, जिला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. नियम गेला आणि काहीही कोसळलं नाही.

भोकंही जुनी, नियमही जुना, कारण दोन्हींचं अज्ञात. भोकांमध्ये कुणाचं तरी न सांगितलेलं ज्ञान होतं. नियमात फक्त काहींची सोय होती आणि तिची किंमत दुसरंच कुणी मोजत होतं. जुन्या गोष्टीची किंमत कोण मोजतं आणि त्याला कधी बोलू दिलं होतं का, हा प्रश्न तुमच्या पाच मुद्द्यांत कुठेच नाही. माझ्या मते पुराणमतवादाची खरी परीक्षा तिथे आहे, पण आधी बर्ककडे जाऊ.

एडमंड बर्क (१७२९–१७९७) डब्लिनचा, म्हणजे आयरिश. लंडनच्या संसदेत व्हिग पक्षाचा, म्हणजे राजसत्तेवर संसदेचा अंकुश हवा म्हणणाऱ्यांचा, सभासद. फ्रेंच राज्यक्रांतीविरुद्ध लिहिणारा म्हणून आपण त्याला ओळखतो, पण त्याआधीची त्याची वीस-पंचवीस वर्षं पाहिली तर चित्र बदलतं. अमेरिकन वसाहतींवर कर लादण्याला त्याने विरोध केला. १७७५ मध्ये त्यांच्याशी समेट करा म्हणून संसदेत भाषण केलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर तर तो तुटून पडला. १७८३ च्या भाषणात त्याने सांगितलं की आम्ही इंग्रज अजून जंगलात राहत होतो तेव्हापासून हे भारतीय लोक सुसंस्कृत आहेत. कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरचा महाभियोग त्याने चालवला. १७८८ ते १७९५ असा तो खटला चालला आणि हेस्टिंग्ज सुटला. हेस्टिंग्जच्या बाजूचं म्हणणं होतं की आशियात सत्ता अशीच चालते. बर्कचं उत्तर असं की नीतीला भूगोल नसतो, आणि कंपनीने भारतातल्या जुन्या संस्था, जुने हक्क, जुनी घराणी पायदळी तुडवली हाच तिचा गुन्हा.

म्हणजे एकच माणूस अमेरिकेची बाजू घेतो, भारताची बाजू घेतो आणि फ्रान्सच्या क्रांतीला विरोध करतो. त्याच्या काळातल्या अनेकांना ही कोलांटउडी वाटली. मला ती वाटत नाही. तिन्ही ठिकाणी तो एकाच गोष्टीवर चिडलेला दिसतो: वर बसलेल्यांनी आपल्या कल्पनेसाठी किंवा लोभासाठी चालत्या समाजाची मोडतोड करणं.

फ्रान्सवरचं त्याचं पुस्तक १७९० च्या नोव्हेंबरमध्ये आलं, हे वर्ष लक्षात ठेवा. तेव्हा राजा जिवंत होता. दहशतीचं पर्व सुरू व्हायला अजून जवळपास तीन वर्षं होती. बाहेरून पाहणाऱ्या अनेकांना सगळं सुरळीत चाललंय असं वाटत होतं. तरी त्याने लिहून ठेवलं की जुनी अधिकारसत्ता मोडली, नवीला कुणी मानत नाही, अशा वेळी शेवटी सैन्याला वश करणारा एखादा सेनापती सगळ्यांचा धनी होईल. १७९९ मध्ये नेपोलियन आला. बर्क तेव्हा हयात नव्हता.

त्याच पुस्तकात समाजाला त्याने एक भागीदारी म्हटलं आहे: जिवंत असलेल्यांची, गेलेल्यांची आणि अजून जन्माला न आलेल्यांची. शिवाय जे राज्य थोडंही बदलू शकत नाही ते स्वतःला टिकवूही शकत नाही, असंही तिथे आहे. पुराणमतवाद म्हणजे बदलाला विरोध, असं उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य वाचलेलं नसतं.

त्याला सगळ्यात झोंबणारं उत्तर क्रांतीचा पुरस्कर्ता थॉमस पेन याने १७९१ मध्ये दिलं. बर्कला पिसांची हळहळ वाटते, मरणाऱ्या पक्ष्याची नाही, असं तो म्हणाला. फ्रान्सच्या राणीच्या अपमानावर बर्कने पानं खर्च केली, भाकरी महागल्याने हाल झालेल्या शेतकऱ्यावर नाही. लिफ्टचाच प्रश्न आहे हा.

आता विसाव्या शतकातला इंग्रज विचारवंत मायकेल ओकशॉट याच्याकडे येते. त्याने ज्ञानाचे दोन प्रकार सांगितले. एक पुस्तकात, नियमावलीत, आराखड्यात लिहिता येतं. दुसरं करता करताच अंगात मुरतं आणि लिहून काढायला गेलं की निसटतं. राजकारणातले बुद्धिवादी पहिल्यालाच ज्ञान मानतात, ही त्याची तक्रार. नवी मुंबईत राहणाऱ्यांना हा वाद समजून घ्यायला इंग्लंडला जायची गरज नाही.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या नियोजनकारांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या खाडीपलीकडे जुळं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी ते शहर वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं आणि ठाणे-कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. कल्पना चांगली होती आणि मांडणारे मोठ्या मनाचे लोक होते, हे आधीच सांगते. पण त्या जमिनीवर आगरी-कोळ्यांची मिठागरं, मासेमारी आणि खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतली, भातशेती होती. खाजण राखणं सोपं काम नव्हे. खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध, पावसाचं गोडं पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला आपोआप मिटणारी उघाडी, कोणत्या तिथीला उधाण किती चढणार याचा अंदाज, आणि बांधाला भगदाड पडलं तर रात्री-अपरात्री अख्ख्या गावाने धावायचं ही रीत. एकाने कुचराई केली तर सगळ्यांची शेतं खारवणार. हे शेतीचं तंत्र होतं तसंच गावाचं राज्यशास्त्रही होतं, आणि ते कुठल्या सातबाऱ्यावर चढलेलं नव्हतं. भूसंपादनात जमिनीचा भाव ठरला. या रीतीचा भाव कसा ठरणार?

गावठाणं संपादनातून वगळली होती, पण त्यांच्या सीमा होत्या तिथेच राहिल्या. कुटुंबं वाढली, मुलांची लग्नं झाली, खोलीला खोली लागली, आणि सीमेबाहेर गेलेलं घर कागदावर अनधिकृत ठरलं. 'गरजेपोटी बांधलेली घरं' हा शब्द घणसोलीपासून बेलापूरपर्यंत आज कुणालाही विचारा. मोबदल्यावरून संघर्ष झाला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात पोलीस गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्यानंतर आली.

यावरून पुराणमतवादीच बरोबर होते असा निष्कर्ष काढलात तर मात्र मी गुण कापीन. मुंबईच्या चाळीत सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहून आयुष्य गेलेल्या कितीतरी कुटुंबांना सिडकोच्या छोट्या घरात पहिल्यांदा स्वतःची मोरी आणि स्वतःचं दार मिळालं. त्यांच्यासाठी तो आराखडा म्हणजे सुटका होती. शिवाय नियोजनकाराला आपल्या ज्ञानाची मर्यादा कळूच शकत नाही असंही नाही. बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज बघून या. १९८० च्या दशकात कोरियांनीच ते रचलं. सामाईक अंगणाभोवती घरं, पण शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, म्हणजे ज्याला जसं हवं तसं त्याने पुढे वाढवावं. काही घरं आज मूळ रूपात ओळखूही येत नाहीत. माझ्या दृष्टीने ते आराखड्याचं यश आहे, कारण राहणाऱ्यालाही काही कळतं हे त्यात गृहीत धरलेलं होतं.

फ्रेंच क्रांतिकारकांनी एकाच दशकात दोन मोठे बदल केले. १७९३ मध्ये सात दिवसांचा आठवडा मोडून दहा दिवसांचा केला आणि १७९५ मध्ये मीटर-ग्रॅमची दशमान पद्धत आणली. सुट्टी सातव्याऐवजी दहाव्या दिवशी आली. कामकऱ्यांना ते पटलं नाही, चर्च आणि बाजार जुन्या वारानेच चालत राहिले, आणि १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनने ते कॅलेंडर बंद केलं. दशमान पद्धत मात्र जग फिरून आपल्याकडे आली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, हळूहळू शेर-रत्तल गेले, आणि आज ठाण्याच्या जांभळी नाक्यावर कुणाला पायलीचा हिशोब विचारलात तर तो बघत राहील. दोन्ही बदल बुद्धीतून काढलेले, वरून आणलेले. एक मेला, एक जगला. 'योजनेने केलेला प्रत्येक बदल फसतो' असं म्हणणारा पुराणमतवादी इथे निरुत्तर होतो. जे माणसांच्या विसाव्याला आणि श्रद्धेला भिडतं ते हुकमाने बदलत नाही, वजनमापं बदलतात, असा फरक करता येईल. पण तो आधी सांगणं अवघड आहे हेही खरं.

पुराणमतवादी पक्षांनी स्वतः किती बदल केले हे पाहणंही उपयोगाचं आहे. ब्रिटनमध्ये रॉबर्ट पील याने डिसेंबर १८३४ च्या टॅमवर्थ जाहीरनाम्यात जाहीर केलं की १८३२ चा मताधिकाराचा कायदा आता उलटवायचा नाही, आणि सिद्ध झालेल्या गैरप्रकारांत सुधारणा करायच्या. हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचा आधुनिक जन्म तिथून धरतात. त्याच पीलने १८४६ मध्ये धान्यावरची संरक्षक जकात उठवली आणि पक्ष फुटला. त्याच पक्षाच्या डिझरायलीच्या पुढाकाराने १८६७ मध्ये शहरी कामगारांपैकी अनेकांना मत मिळालं. १८७५ मध्ये त्याच्या सरकारने सार्वजनिक आरोग्याचे आणि कामगारवस्तीचे कायदे केले. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ ते १८८९ दरम्यान आजारपण, अपघात आणि म्हातारपणाचा विमा आणला. समाजवाद्यांचा पाठिंबा तोडायचा हेतू होता हे उघड आहे, तरी कामगाराच्या हाती पैसे पडले.

अधिकारसत्ता आणि उतरंड यांवर मी फार थांबणार नाही. वडील, गुरू, न्यायाधीश, अनुभवी कारागीर यांना मान हवा, हे कुणालाही पटतं. जन्माने मिळालेल्या मोठेपणाला मान का द्यायचा, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुठल्या पुराणमतवाद्याकडे मिळालेलं नाही.

मालमत्तेबद्दल मात्र त्यांना माणूस नीट कळतो. सिडकोने जमीन साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिली आणि घर विकताना हस्तांतरण शुल्क भरावं लागायचं. पूर्ण किंमत मोजून घर घेतलेला नेरूळचा माणूस सतत म्हणायचा, "घर माझं, पण जमीन माझी कुठे आहे?" त्याला नफा कमवायचा नव्हता. हे मुलांना देता येईल आणि कुणी काढून घेणार नाही, एवढी खात्री हवी होती. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर सरकारने १९८० च्या कायद्याने सरकारी घरांच्या भाडेकरूंना ती घरं विकत घ्यायचा हक्क दिला, त्यामागे हीच नाडी ओळखलेली होती.

पण थॅचर म्हटलं की एक पेच उभा राहतो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. १९८० नंतर पुराणमतवाद आणि मुक्त बाजारपेठ यांची इतकी सोयरीक झाली की लोक दोन्ही एकच समजतात. बाजाराला परंपरेचं काही देणंघेणं नसतं. ठाण्यात वागळे इस्टेटमधले कारखाने गेले, काचेची ऑफिसं आली. नौपाड्यातल्या जुन्या दुमजली इमारती पुनर्विकासाला गेल्या आणि शेजार पांगला. यात कुठलं क्रांतिकारी सरकार नव्हतं, होता तो जमिनीचा भाव. फ्रेडरिक हायेक बाजाराचा मोठा पुरस्कर्ता, आणि त्याने १९६० मध्ये आपण पुराणमतवादी का नाही यावर आपल्या पुस्तकाला स्वतंत्र उपसंहारच जोडला, तो उगाच नाही. ज्याला खरोखर वारसा राखायचा आहे त्याने सरकारी आराखड्याला विचारलेले प्रश्न बिल्डरलाही विचारले पाहिजेत.

बर्कचा आणखी एक आवडता विषय म्हणजे राज्य आणि एकटा माणूस यांच्या मधल्या छोट्या संस्था. कुटुंब, पंचक्रोशी, मंडळ, वाचनालय. माणूस देशावर प्रेम करायला तिथे शिकतो असं त्याचं म्हणणं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये सुरू झालं. वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी कुणाच्या हुकमाविना ते उभं केलं आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी राखलं. पुराणमतवादाची ही बाजू मला मनापासून आवडते.

महाराष्ट्रात असा कोणी झाला का? झाले, पण कुणालाही सरळ या कप्प्यात टाकता येत नाही. न्यायमूर्ती रानडे (१८४२–१९०१) उदारमतवादी सुधारक. पण खऱ्या सुधारकाला कोरी पाटी मिळत नसते, अर्धवट लिहिलेलं वाक्य पूर्ण करणं हेच बहुतेक वेळा त्याचं काम असतं, हे त्यांचं म्हणणं बर्कला तंतोतंत पटलं असतं. टिळकांनी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला. आमच्या समाजातली सुधारणा परक्या सरकारने कायद्याने लादू नये, ती आतून यावी, हा त्यांचा मुद्दा. लोकांनी मुलींचं लग्न सोळाच्या आत न करण्याची प्रतिज्ञा स्वेच्छेने घ्यावी असंही त्यांनी सुचवलं होतं. युक्तिवाद म्हणून तो कमकुवत नाही. पण कायदा होता कशाबद्दल? संमतीचं वय दहाचं बारा करण्याबद्दल. त्याआधी १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. समाज आतून सुधारेपर्यंतची सगळी किंमत अशा मुली मोजणार होत्या. 'हळूहळू' म्हणणारा माणूस स्वतः काही मोजत नाही. आगरकर यावरच बोट ठेवत होते, आणि मी आगरकरांच्या बाजूची आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, तेव्हा पुराणमतवादाच्या मुळावरच घाव घातला. परंपरेत साठलेलं शहाणपण कुणाचं? ज्यांना अक्षर लिहू दिलं नाही, विहिरीला शिवू दिलं नाही, त्यांचा अनुभव त्या साठ्यात कधी आलाच नाही. म्हणजे ती सगळ्या पिढ्यांची भागीदारी नव्हेच, काहींचाच करार. बर्कच्या भागीदारीवर यापेक्षा खोल टीका मी युरोपातही वाचलेली नाही.

आणि डॉ. आंबेडकर. 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये (१९३६) जातीचा पाया उखडायला सांगताना ते खरा धर्म हा समाजाचा पाया आहे हे बर्कचं मत संमतीने उद्धृत करतात. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत ते खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावतात, खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाचं घर आहे असं सांगतात. सेंद्रिय समाजाला याहून कडक उत्तर नाही. त्याच भाषणात ते म्हणतात की संविधानिक नीती निसर्गतः येत नाही, ती जोपासावी लागते. २५ नोव्हेंबर १९४९ ला ते आणखी पुढे जातात: आता संविधानाचे मार्ग खुले आहेत, तेव्हा रक्तरंजित क्रांतीचेच नव्हे, असहकार आणि सत्याग्रहाचेही मार्ग सोडा. ध्येय मुळापासून बदलाचं, आणि रीत संस्था जपणारी. 'परंपरा की क्रांती' या चौकटीत ते मावत नाहीत, आणि म्हणूनच ती चौकट किती अपुरी आहे हे त्यांना वाचून कळतं. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांपैकी सातांनी म्हटलं की संसदेला संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. एका पिढीच्या बहुमताने सगळा वारसा पुसू नये, हा विचार पुराणमतवाद्याला अगदी ओळखीचा वाटेल. फक्त इथे राखायचा वारसा समतेचा आहे.

पक्ष म्हणून भारतात या विचाराच्या सगळ्यात जवळ गेला तो राजाजींचा (चक्रवर्ती राजगोपालाचारी) स्वतंत्र पक्ष, १९५९ चा. सहकारी शेतीच्या ठरावाला आणि परमिट-लायसन्स-कोटा राजला विरोध, धर्म आणि मालमत्ता यांविषयी आदर. १९६७ च्या लोकसभेत त्यांचे ४४ खासदार होते. पुढे पक्ष विरला.

आता टीव्हीवरचे 'उजवे'. राष्ट्रवाद, धर्माच्या आधाराचं राजकारण, बाजारवाद आणि पुराणमतवाद या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या पक्षात त्या एकत्र नांदू शकतात, पण एकीवरून दुसरी सिद्ध होत नाही. अख्खा समाज नव्याने घडवू पाहणारा माणूस उजवा असू शकतो, पुराणमतवादी नाही. उलट सार्वजनिक बँका किंवा जुने कामगार कायदे वाचवा म्हणून मोर्चा काढणारा डावा कार्यकर्ता त्या क्षणी 'चाललंय ते मोडू नका' असंच म्हणत असतो. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल हंटिंग्टन याने १९५७ मध्ये म्हटलं होतं की पुराणमतवादाला कायमचं ध्येय नसतं, प्रस्थापित संस्थांच्या पायावर घाव पडू लागला की त्यांच्या रक्षणासाठी तो उभा राहतो. मला हे अर्धंच पटतं, कारण बुद्धीच्या मर्यादेची जाणीव ही परिस्थितीनुसार येणारी-जाणारी गोष्ट नाही. तुमच्या आजोबांची जुन्या गोष्टींची ओढ हा स्वभाव झाला. 'हे का जपायचं' याचं कारण ते देऊ लागले की तिथे विचार सुरू होतो. त्यांना विचारून बघा, कदाचित छान उत्तर मिळेल.

परीक्षेसाठी शेवटचं. बर्कला हुजूर पक्षाचा नेता म्हणू नका. तो व्हिग होता, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह नावाचा पक्ष तो गेल्यावर काही दशकांनी उभा राहिला. पाच मुद्दे लिहाच, पण आधी ते कशातून निघतात ते दोन वाक्यांत मांडा. बर्कबरोबर पेन आणि टिळकांबरोबर आगरकर वाचा. आंबेडकरांची ती दोन भाषणं मराठीत सहज मिळतात, एका बैठकीत वाचून होतात. गांधींना मी मुद्दाम वगळलंय, कारण त्यांच्यावर लिहायचं तर दुसरं एवढंच उत्तर लागेल.